निरोप कोणत्या वाटेने आला? : संगणकजाळ्यातील एक नियम आणि आपण

एकाचा शब्द अनेकांपर्यंत पोहोचवणे, हा प्रत्येक चळवळीपुढचा आरंभीचा प्रश्न असतो. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपुढे हाच प्रश्न होता. छापखाना, टपाल, आगगाडी आणि ज्याला वाचता येते त्याने इतरांना वाचून दाखवणे, ही त्या काळची साधने होती. आज ती जागा संगणकांच्या जाळ्याने घेतली आहे. निरोप पोहोचण्याची अडचण पुष्कळशी दूर झाली. परंतु तिच्या जागी नवी अडचण उभी राहिली. तोच निरोप नाना वाटांनी पुन्हा पुन्हा येऊन आदळतो आणि त्याचा उगम कोठे आहे, हे कळेनासे होते.

संगणकशास्त्रज्ञांना ही अडचण आपल्या कितीतरी आधी भेडसावली होती आणि त्यांनी तिच्यावर एक साधा, सुंदर उपाय शोधला. त्या उपायाचे नाव 'रिव्हर्स पाथ फॉरवर्डिंग'. आलेला निरोप उलट वाटेवर पडताळून मगच पुढे धाडणे, असा त्याचा अर्थ सांगता येईल. इतिहासाच्या शिक्षकाने या विषयावर का लिहावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, हा नियम जो प्रश्न विचारतो तोच इतिहासाचा अभ्यासक प्रत्येक कागदाला विचारतो : हे मुळात कोठून आले आणि कोणत्या वाटेने आले?

एक गठ्ठा, अनेक वाचक

प्रथम मूळ व्यवस्था पाहू. मुंबईत छापलेल्या एखाद्या नियतकालिकाचे मराठवाड्यात पाचशे वर्गणीदार आहेत, असे समजा. प्रत्येकासाठी मुंबईहून स्वतंत्र माणूस पाठवणे हा वेडेपणा ठरेल. शहाणा व्यवस्थापक एकच गठ्ठा परभणीपर्यंत आणील. तेथे तो फोडून एक भाग परळीमार्गे लातूरकडे आणि दुसरा पूर्णेकडे जाईल. पूर्णा जंक्शनवर पुन्हा दोन भाग होतील, एक नांदेडचा आणि एक हिंगोलीचा. वाट जेथे फुटते तेथेच गठ्ठा फुटावा, त्याआधी नव्हे, हे या व्यवस्थेचे सूत्र आहे.

संगणकजाळ्यात याच पद्धतीला 'मल्टिकास्ट' म्हणतात. आपण त्यास समूहप्रसारण म्हणू. जाळ्यातून माहिती लहान लहान पुडक्यांच्या रूपाने जाते. त्या प्रत्येक पुडक्याला 'पॅकेट' म्हणतात. वाटा जेथे मिळतात तेथे पॅकेट कोणत्या दिशेस पाठवायचे हे ठरवणारे यंत्र असते, ते 'राउटर'. आगगाडीच्या भाषेत सांगायचे तर राउटर म्हणजे जंक्शन. समूहप्रसारणात पाठवणारा एकच प्रत सोडतो आणि वाट फुटेल त्या जंक्शनवर राउटर तिच्या प्रती काढतो.

या व्यवस्थेत समतेचाही प्रश्न गुंतलेला आहे. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात क्षणोक्षणीच्या व्यवहारांची माहिती एके काळी दलालांच्या संगणकांना एकामागून एक अशी पाठवली जात असे. ज्याची जोडणी आधी, त्याच्या हाती माहिती आधी, असा लाभ या क्रमातून मिळू शकतो, हा मुद्दा सेबीच्या ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात तपशिलाने चर्चिलेला आहे. पुढे बाजाराने समूहप्रसारणाची पद्धत स्वीकारली. पंगतीत वाढपी एकच असेल तर पहिल्या पानाचे जेवण होत आले तरी शेवटचे पान रिकामेच राहते, हे आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही.

जाळ्यातला चकवा

परंतु समूहप्रसारणात एक धोका आहे. रानात वाट चुकलेला माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, तेव्हा खेड्यातील लोक 'चकवा लागला' असे म्हणतात. रानातला चकवा आम्ही मानत नाही. जाळ्यातला चकवा मात्र खरा असतो.

साध्या, म्हणजे एकाने एकालाच पाठवलेल्या पॅकेटवर ज्याच्याकडे जायचे त्याचा पत्ता असतो. प्रत्येक राउटर तो पत्ता पाहतो, आपल्याजवळचा मार्गतक्ता पाहतो आणि पॅकेट योग्य वाटेला लावतो. समूहप्रसारणाच्या पॅकेटवर मात्र कोणा एकाचा पत्ता नसतो, समूहाचा असतो. प्रचलित पद्धतीत २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते अशा समूहांसाठी राखून ठेवलेले आहेत. समूहातील माणसे कोठे कोठे विखुरली आहेत, हे त्या पत्त्यावरून कळत नाही. मग राउटरने काय करावे? जिकडून आले ती वाट सोडून बाकी सर्व वाटांना एकेक प्रत पाठवावी, हे पहिले सुचणारे उत्तर. त्याचा परिणाम काय होतो, ते आपल्याच परिसरातील गावांची नावे घेऊन पाहू. उदाहरणातील जोडण्या आणि अंतरे केवळ समजावण्यासाठी कल्पिलेली आहेत.

नांदेड, लोहा, कंधार, अहमदपूर आणि लातूर येथे एकेक राउटर आहे. नांदेड–लोहा अंतर २, नांदेड–कंधार ३, लोहा–कंधार २, लोहा–अहमदपूर ३, कंधार–अहमदपूर ४ आणि अहमदपूर–लातूर ४. निरोप नांदेडहून निघतो.

पहिल्या टप्प्यात नांदेड दोन प्रती पाठवते, एक लोह्याला आणि एक कंधारला. दुसऱ्या टप्प्यात लोहा आपली प्रत कंधार आणि अहमदपूरला देतो. कंधार आपली प्रत लोहा आणि अहमदपूरला देतो. चार प्रती झाल्या. तिसऱ्या टप्प्यात आठ होतात. त्यांपैकी दोन नांदेडलाच परत येतात आणि लातूरला एकाच निरोपाच्या दोन प्रती मिळतात. चौथ्या टप्प्यात दहा प्रती वाटेवर असतात. निरोप सर्वांना केव्हाच पोहोचला आहे, तरी प्रतींची संख्या वाढतच आहे. पाच गावांत ही स्थिती, तर हजारो राउटरांच्या जाळ्यात काय होईल, याची कल्पना करावी.

याला आळा घालणारी एक सोय प्रत्येक पॅकेटमध्ये असते. त्यावर आयुष्याचा एक आकडा लिहिलेला असतो आणि प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. शून्य झाला की पॅकेट टाकून दिले जाते. हा आकडा जास्तीत जास्त २५५ असू शकतो. एकट्या पॅकेटाला चकवा लागला तर ही सोय पुरते. पण जेथे प्रत्येक फाट्यावर नव्या प्रती जन्म घेतात, तेथे आयुष्य संपेपर्यंत जाळे गुदमरून जाते. रोग होऊच नये, असा उपाय हवा होता.

पवईचा विद्यार्थी

हा उपाय मांडणाऱ्या दोघांपैकी एक आपल्या महाराष्ट्रात शिकलेला होता. योगेन दलाल यांनी पवईच्या आयआयटी मुंबईतून १९७२ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढील शिक्षणासाठी ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. आजच्या इंटरनेटचा पाया असलेल्या टीसीपी या पद्धतीचा पहिला सविस्तर आराखडा डिसेंबर १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या तीन लेखकांत व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्यासह दलाल यांचे नाव आहे. एक निरोप सर्वांपर्यंत कसा न्यावा, हाच त्यांच्या डॉक्टरेटच्या अभ्यासाचा विषय होता. इथरनेटच्या जनकांपैकी एक असलेले रॉबर्ट मेटकाफ यांच्यासह त्यांनी लिहिलेला निबंध डिसेंबर १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच 'रिव्हर्स पाथ फॉरवर्डिंग' हे शब्द होते.

मराठवाड्यात १९७८ हे वर्ष वेगळ्या कारणाने स्मरणात आहे. त्या वर्षी २७ जुलैस विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव संमत केला आणि त्यानंतर आपल्या वस्त्या जळाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस जगाच्या दुसऱ्या टोकाला हा शोध लागला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु ज्या वर्षी आपली माणसे एका नावासाठी घरेदारे गमावत होती, त्याच वर्षी उद्याच्या ज्ञानव्यवहाराची घडण होत होती, हे आपल्या मुलांनी ध्यानात ठेवावे, म्हणून हा उल्लेख.

एकच प्रश्न

त्या निबंधातील नियम असा : निरोप हाती आला की राउटरने स्वतःस एक प्रश्न विचारावा. 'मला या निरोपाच्या उगमाकडे जायचे असते, तर मी याच वाटेने गेलो असतो का?' उत्तर होकारार्थी असेल तर निरोप स्वीकारावा आणि अन्य वाटांना पाठवावा. नकारार्थी असेल तर तो तेथेच टाकून द्यावा.

या प्रश्नाचे मर्म सावकाश समजून घेण्यासारखे आहे. निरोप कोठे जाणार, हे राउटरला ठाऊक नाही. परंतु तो कोणी पाठवला, हे पॅकेटवर लिहिलेले असते आणि त्या गावाकडे जाण्याची आपली जवळची वाट कोणती, हे मार्गतक्त्यात आधीच नोंदलेले असते. पुढची वाट दिसत नसताना मागची वाट पाहून निर्णय घ्यायचा, एवढीच युक्ती आहे. संपूर्ण जाळ्याचा नकाशा नको, येऊन गेलेल्या प्रत्येक निरोपाची आठवण नको, कोणा वरिष्ठाची आज्ञाही नको.

आता उदाहरण पुन्हा चालवू. नांदेडकडे जाण्याची जवळची वाट लोह्याला थेट आहे, अंतर २. कंधारलाही थेटच जवळ पडते, कारण ३ हे लोह्यामार्गे होणाऱ्या ४ पेक्षा कमी आहे. अहमदपूरला लोह्यामार्गे ५ पडतात आणि कंधारमार्गे ७. म्हणून त्याची वाट लोह्याकडून. लातूरला अहमदपूरमार्गे ९.

नांदेड दोन प्रती पाठवते; लोहा आणि कंधार त्या स्वीकारतात. लोहा कंधारला व अहमदपूरला प्रत देतो. कंधार म्हणतो, 'नांदेडला मी लोह्यावरून जात नाही', आणि ती टाकून देतो. अहमदपूर मात्र स्वीकारतो. कंधारने लोह्याला व अहमदपूरला दिलेल्या दोन्ही प्रती त्याच कारणाने नाकारल्या जातात. अहमदपूर कंधारला व लातूरला प्रत पाठवतो; कंधार नाकारतो, लातूर स्वीकारतो. काम संपले. एकंदर आठ प्रती निघाल्या, त्यांपैकी चार स्वीकारल्या गेल्या आणि चार नाकारल्या गेल्या. प्रत्येक गावाला निरोप एकदाच मिळाला आणि नवव्या प्रतीची गरजच पडली नाही.

हे केवळ या उदाहरणात जमले असे नाही. प्रत्येक राउटर उगमाच्या दिशेने, म्हणजे स्वतःपेक्षा उगमास अधिक जवळ असलेल्या शेजाऱ्याकडून आलेलाच निरोप स्वीकारतो. दोन वाटा सारख्याच अंतराच्या असतील, तर ठरलेल्या नियमाने त्यांतील एकच निवडली जाते. म्हणून स्वीकारलेला निरोप पावलागणिक उगमापासून दूर दूर जातो : २, ५, ९. चकवा लागण्यासाठी त्याला कोठे तरी उलट, कमी अंतराकडे वळून पुन्हा स्वीकारले जावे लागेल आणि नियम नेमके तेच होऊ देत नाही. मांजरा नदी लातूरकडून नांदेड जिल्ह्याकडे वाहते. ती उलटी फिरून आपल्याच उगमात पडत नाही, तसेच हे आहे.

छाटणी आणि मर्यादा

आठांपैकी चार प्रती वाया गेल्या, ही उणीव त्याच निबंधाच्या लेखकांनी ओळखली होती. 'तुझी उगमाकडची वाट माझ्यावरून जाते का?' हे शेजाऱ्याकडून आधीच कळले, तर निरुपयोगी प्रत पाठवावीच लागत नाही. आपल्या उदाहरणात मग चार प्रती पुरतात. दुसरी सुधारणा स्टीफन डीअरिंग यांच्या नावाशी निगडित आहे. मूळ नियम निरोप सर्वांपर्यंत नेण्यासाठी होता. डीअरिंग यांनी १९८० च्या दशकात तो समूहापुरता केला. ज्या फांदीवर एकही श्रोता नाही, तेथील राउटर 'इकडे पाठवू नका' असा उलट निरोप देतो आणि ती फांदी छाटली जाते. मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगो येथील अभियंत्यांच्या सभेतील भाषणे याच पद्धतीने सुमारे २० ठिकाणी ऐकवली गेली.

नियमाला मर्यादाही आहेत. येण्याची आणि जाण्याची वाट एकच असावी, असे तो गृहीत धरतो. उपग्रहाच्या बाबतीत हे गृहीतक कोलमडते. २० सप्टेंबर २००४ रोजी शिक्षणासाठी सोडलेल्या एज्युसॅटसारख्या उपग्रहाचे धडे केवळ ग्रहण करणाऱ्या केंद्राचा विचार करा. त्याच्याकडे निरोप आकाशातून येतो. पण त्याला उत्तर द्यायचे तर जमिनीवरच्या तारेनेच द्यावे लागते. अशा ठिकाणी राउटर बसवला तर तो म्हणेल, 'उगमाकडे मी या वाटेने जात नाही', आणि खरा निरोप नाकारील. तेथे उलट वाट कोणती मानावी, हे त्याला वेगळे सांगून ठेवावे लागते. तसेच एखादी जोडणी तुटून सर्वांचे मार्गतक्ते बदलत असताना काही क्षण राउटरांत एकवाक्यता नसते. तेवढ्या काळात चकवा लागू शकतो. तेव्हा आयुष्याचा तो आकडाच कामी येतो.

याच कसोटीचा आणखी एक उपयोग सांगण्यासारखा आहे. पाठवणाऱ्याचा खोटा पत्ता घालून पॅकेट सोडणारे लोक असतात. 'या पत्त्याकडे जाणारी माझी वाट आणि हे पॅकेट आले ती वाट, यांचा मेळ बसतो का?' असे विचारून अनेक ठिकाणी अशी बनावट पॅकेटे वेशीवरच अडवली जातात.

प्रती म्हणजे साक्षी नव्हेत

आता या सर्वांचा आपल्याशी संबंध काय, ते पाहू. कंधारच्या राउटरला तोच निरोप तीन दिशांनी मिळाला : नांदेडहून, लोह्याहून आणि अहमदपूरहून. तीन दिशांनी आला म्हणून तो तिप्पट खरा ठरला का? नाही. त्या एकाच निरोपाच्या तीन प्रती होत्या. राउटरला हे समजते. मोबाइल हाती घेतलेल्या माणसाला मात्र पुष्कळदा समजत नाही. 'पाच गटांवर आले आहे, म्हणजे खरेच असणार,' असे तो म्हणतो आणि सहाव्या गटावर पाठवतो.

या चुकीची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. ती ज्याच्या हाती आली त्याने पुढे पाठवली. हिचा उगम कोठे, हे विचारायला कोणी थांबले नाही. भिक्षेवर जगणाऱ्या, ना घर ना गाव अशा माणसांवर तो चकवा येऊन कोसळला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. ही मर्यादा म्हणजे पॅकेटवरच्या आयुष्याच्या आकड्यासारखी आहे. ती वेग कमी करील. परंतु उगम विचारण्याचे काम तिच्याने होणार नाही. ते माणसालाच करावे लागेल.

आपल्या घरातलेही एक उदाहरण घेऊ. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर जवळ आले की बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली कितीतरी वाक्ये फिरू लागतात. त्यांतील काही त्यांची असतात. काही त्यांनी कधी लिहिली वा उच्चारली असल्याचा आधार सापडत नाही. श्रद्धेने आपण ती पुढे पाठवतो आणि ज्या महापुरुषाने आयुष्यभर तळटीपांसह, पुराव्यांसह लिहिले, त्याच्याच नावाने निराधार मजकूर पसरवतो. त्यांचे वाङ्मय अप्राप्य आहे, असेही नाही. वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. उगमाकडे जाणारी वाट उघडी आहे. तिच्यावरून चालण्याचा आळस तेवढा सोडला पाहिजे.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना हाच उपदेश केला होता. केवळ ऐकिवात आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पडताळून पाहा. येथे राउटर आणि माणूस यांच्यातील भेदही सांगितला पाहिजे. राउटर केवळ वाट तपासतो. निरोपात काय लिहिले आहे, ते हितकर की अहितकर, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. खऱ्या वाटेने आलेला दुष्ट निरोपही तो निमूटपणे पुढे पाठवील. माणसाने येथे थांबून चालणार नाही. आधी वाट तपासावी आणि मग मजकूर तपासावा. पहिले काम यंत्राला शिकवता आले. दुसरे अद्याप आपलेच आहे.

म्हणून आपल्या निवासी विद्यालयातील विद्यार्थ्यांना आणि माजी विद्यार्थ्यांना आम्ही एक सूचना करू इच्छितो. विद्यालयाच्या फलकावर बाबासाहेबांचे वचन लिहिताना त्याखाली खंड आणि पृष्ठ लिहिण्याचा प्रघात आजपासून पाडावा. ज्या वचनाचे पृष्ठ सापडणार नाही, ते फलकावर लिहू नये आणि पुढेही पाठवू नये. वसतिगृहातील सर्वांत लहान मुलानेही मोठ्यांना निःसंकोच विचारावे, 'दादा, हे कोठून घेतले?' आणि दादाने न रागावता ग्रंथालयात जाऊन पान उघडून दाखवावे. लोहा, कंधार, अहमदपूर, मुखेड अशा तालुक्यांतून आलेली ही मुले उद्या आपापल्या गावी जातील, तेव्हा प्रत्येक जण आपल्या गावाचे जंक्शन असेल. तेथे आलेला निरोप पुढे जावा की तेथेच थांबावा, हे त्याच्या एका प्रश्नावर ठरेल.

जय भीम!